अनुभव धागा: 'प्रिटी फ्लाय' आधी ऐकलंत की आधी पाहिलंत?

रिवाइंड_पेन्सिल

द ऑफस्प्रिंग या अमेरिकन पंक बँडचं 'प्रिटी फ्लाय फॉर अ व्हाइट गाय' (फ्लाय म्हणजे एकदम झकास, स्टायलिश) आठवतंय का? १९९८च्या नोव्हेंबरात 'अमेरिकाना' हा अल्बम आला आणि पुढचे कित्येक महिने म्युझिक चॅनेलवाल्यांनी या गाण्याचा पार चोथा केला. नावावरून काही लक्षात येत नसेल त्यांच्यासाठी: ढगळ कपड्यांतला एक गोरा पोरगा स्वतःला रॅपर समजतो, हातवारे करतो, नाचतो, पोरींवर छाप पाडायला जातो. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्याच्याखेरीज सगळ्या जगाला दिसत असतं. व्हिडिओ दिग्दर्शक मॅकजीचा. दोनेक वर्षांनी 'चार्लीज एंजल्स' सिनेमा केला तोच हा.

माझं मत असं की व्हिडिओशिवाय हे गाणं अर्धंच आहे. नुसतं ऐकलं तर नाचायला बरं, आणि पाहिलं की कळतं, हा टोमणा चाललाय. तुमच्या वाट्याला आधी काय आलं? कुठे? कोणाबरोबर? गाण्याच्या ओळी चिकटवू नका, त्या सगळीकडे मिळतात. आठवणी लिहा.

गुरुवार पेठ

आधी पाहिलं. आमच्या वाड्यात केबल एकाच बिऱ्हाडात होती आणि रिमोट त्यांच्या धाकट्याकडे. हा धाकटा म्हणजे हुबेहूब तो व्हिडिओतला पोरगा. पँट कमरेखाली, टोपी उलटी, गळ्यात स्टीलची जाड साखळी, आणि अंगणात नळावर पाणी भरतानासुद्धा दोन बोटं वाकडी करून बोलायचा. गाणं लागलं, आम्ही सगळ्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि हसून हसून लोळलो. त्या दिवसापासून वाड्यात त्याचं नाव 'फ्लाय'.

खरी गंमत पुढेच. चिडवायला ठेवलेलं नाव पठ्ठ्याने मिरवायला घेतलं. दुचाकीच्या मागच्या नंबरप्लेटवर रंगवून घेतलं! गाणं आपल्यासारख्यांचं कौतुक करतंय अशी त्याची ठाम समजूत होती. गाण्यातल्या हिरोचीही हीच गत असल्यामुळे त्याला समजावून सांगण्यात काही हशील नव्हता.

म्हापशेकर

मी आधी ऐकलं, तेही आजीसोबत. आजी पोर्तुगीज काळात प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळा, शिकलेली. मोठ्या भावाने कॅसेट लावली की ती वालीच्या शेंगा मोडत ऐकायची, तक्रार नाही. सुरुवातीला स्पॅनिशमध्ये आकडे मोजतात ना, तिथे तिचे हात थांबले. स्पॅनिश आणि पोर्तुगीज आकडे सख्खे शेजारी, त्यामुळे तिला सगळं कळत होतं. म्हणाली, "अरे, ह्याने सिंकु दोनदा म्हटलं. ह्याला मास्तरांनी पट्टी नाही मारली?"

भावाने पुन्हा लावून पाहिलं. खरंच पाच दोनदा! आम्ही आठवडाभर तेच गाणं घोकत होतो, एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पोरगा ज्या लोकांची नक्कल करतो त्यांचे आकडेसुद्धा त्याला धड येत नाहीत, असा तो चिमटा आहे. त्यासाठी आजीला व्हिडिओ लागला नाही, रिपे ताई. तेव्हा तुमच्या मताला आमच्या घरातून विरोध नोंदवून घ्या.

रिवाइंड_पेन्सिल

@म्हापशेकर, नोंदवला. आजींपुढे आपली काय टाप!

कडवट

माझा सूर जरा वेगळा आहे. मी 'स्मॅश'वाला माणूस. १९९४चा तो अल्बम एपिटाफ नावाच्या छोट्या पंक लेबलवर आला आणि जगभरात १ कोटीच्या वर खपला. मोठ्या कंपनीची पाठराखण नसताना. पुढे बँड कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला आणि आमच्यासारख्यांनी नाकं मुरडली. 'प्रिटी फ्लाय' लागलं तेव्हा मला ते जाहिरातीसारखं वाटलं, आजही वाटतं. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या नंबरावर, आणि ज्या अमेरिकेची टर उडवली तिथे बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ५३व्या! घरच्यांना आपली टर उडवलेली तितकीशी रुचत नसावी, बाहेरच्यांना मात्र दुसऱ्याच्या घरातला तमाशा हवाच असतो.

'अमेरिकाना'तलं खरं गाणं 'द किड्स आरन्ट ऑलराइट'. बँडचा गायक डेक्स्टर हॉलंड ज्या वस्तीत वाढला तिथल्या पोरांचं पुढे काय झालं ते त्यात आहे. त्याचा धागा कोणी काढत नाही.

मेलबर्नची_माई

@कडवट, तुम्ही काढा की, आम्ही येऊ.

मी तेव्हा इथे नवीन विद्यार्थिनी होते. १९९९च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, प्रत्येक गाडीच्या उघड्या खिडकीतून हेच. मी आधी ऐकलं, मग इथल्या शॉपिंग सेंटरात तसे पोरगे प्रत्यक्ष पाहिले आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. तोवर त्यात नवीन काही उरलं नव्हतं.

ठोका

आमच्या कॉलेजच्या बँडने हे वाजवलंय, म्हणून जरा लांबड लावतो.

गाण्याच्या अगदी सुरुवातीला जर्मन वाटणारे चार अगम्य शब्द येतात. ते ऑफस्प्रिंगचे नाहीत. डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८३च्या 'रॉक ऑफ एजेस'मधून उचललेले आहेत. तिथे निर्माता मट लँग दर वेळी 'वन टू थ्री फोर' म्हणून कंटाळला आणि तोंडाला येईल ते बरळला, तेच रेकॉर्डवर राहिलं. लांब केसवाल्या, स्प्रेवाल्या मेटल बँडांना पंकवाले दारात उभं करत नसत, आणि यांनी गाण्याचा नारळ त्यांच्याच हातून फोडला. पंकच्या खोडसाळपणाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता हे स्टेजवर करायचं कसं? सँपलर, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डचा तुकडा वाजवणारं यंत्र, आमच्या बापजन्मी पाहिलेला नव्हता. बेस वाजवणारा सांगलीचा, घरात तबला. तो म्हणाला, निरर्थकच बोलायचंय ना, मग आपलं बोलू. माइकपाशी जाऊन त्याने खणखणीत आवाजात 'धा तिरकिट धा' टाकलं आणि समेवर मी ड्रम्स उचलले. आधी सगळं सभागृह गप्प, आणि मग जो कल्ला झाला! मधल्या जागा बायकांच्या आवाजातल्या. आमच्यात मुलगी एकही नव्हती, पण लेडीज होस्टेलच्या बाल्कनीने ते काम न सांगता अंगावर घेतलं. दुसऱ्या कडव्यात माझी उजवी काठी मोडली. पुढे तीनबोटभर थोटकाने हाय-हॅट वाजवत राहिलो, अंगठ्याची साल निघाली ते गाणं संपल्यावर कळलं.

मुद्द्याचं: तिथल्या निम्म्या जनतेने व्हिडिओ पाहिलेला नव्हता. कोणाचं काही अडलं नाही.

दोन_पोरांची_आई

@ठोका, त्या बायकांच्या आवाजावरून आठवलं. तो आवाज निका फटरमन हिचा. मुलगा 'क्लोन वॉर्स' कार्टून बघतो, त्यातल्या आसाज व्हेंट्रेसला आवाज देणारी तीच. हे समजल्यापासून ती खलनायिका पडद्यावर आली की मला हसू फुटतं आणि मुलगा चिडतो.

नाक्यावरचा

गाण्यातली दोन टोमणे मारणारी ठिकाणं सर्वांना ठाऊक असतील: पोरगा १३ आकडा गोंदवायला जातो आणि ३१ गोंदवून येतो, आणि दुकानात आइस क्यूब (नावाजलेला काळा रॅपर) मिळाला नाही म्हणून व्हॅनिला आइस (टिंगलीचा विषय झालेला गोरा रॅपर) घेऊन येतो. पहिला विनोद कोणालाही कळेल. दुसरा आमच्या नाक्यावर फक्त एका माणसामुळे कळला: हिंदी रॅपर बाबा सेहगल.

कारण त्याचं १९९२चं 'ठंडा ठंडा पानी' हे व्हॅनिला आइसच्या गाण्यावरूनच घेतलेलं. व्हॅनिला आइसने त्याचा ठेका उचलला क्वीन आणि डेव्हिड बोवीच्या १९८१च्या 'अंडर प्रेशर'वरून. आणि क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी शाळेत होता आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. म्हणजे ही पालखी पाचगणीहून निघाली, लंडन, अमेरिका, मुंबई करत कॅलिफोर्नियाच्या पंकवाल्यांच्या टवाळीत येऊन टेकली. मग आम्ही ते परकं गाणं का मानावं?

(आधी पाहिलं. इराण्याच्या हॉटेलात, भिंतीवरच्या टीव्हीवर, आवाज बंद असताना. गाणं कसं आहे ते दोन दिवसांनी कळलं. आवाजाशिवायही तितकंच हसलो होतो.)

रिवाइंड_पेन्सिल

@नाक्यावरचा, आवाज बंद असताना! माझ्या बाजूने पहिला सज्जड पुरावा. 🙏

सांजवात९९

माझी आठवण गाण्याची कमी, गाणाऱ्याची जास्त. वुडस्टॉक ९९ या अमेरिकेतल्या संगीतोत्सवाचं फुटेज मी बऱ्याच उशिरा पाहिलं. याच बँडने तिथे बॅकस्ट्रीट बॉइजचे पुतळे बॅटने बडवले, ते सगळे सांगतात. पण त्याच स्टेजवरून डेक्स्टरने गर्दीला खडसावलं होतं, डोक्यावरून सरकवल्या जाणाऱ्या मुलींच्या अंगाला हात लावू नका म्हणून. त्या अख्ख्या उत्सवात मुलींचे जे हाल झाले ते वाचल्यावर हे दोन वाक्यांचं खडसावणंही मला मोठं वाटतं. एरवी 'पोरींवर छाप पाडणाऱ्या पोराचं गाणं' म्हणून मी हे बाजूलाच ठेवलं असतं.

पायोनियर_बुलेवार्ड

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत राहते, म्हणजे या गाण्याच्या माहेरीच. ही मंडळी इथल्या गार्डन ग्रोव्हची. इथे येईपर्यंत मला तो पोरगा व्यंगचित्र वाटायचा. मग आमच्याच गल्लीत दिसले: तीन गॅरेजचं घर, आईने घेऊन दिलेली गाडी आणि भाषा अशी की जणू जन्म रस्त्यावर काढलाय. व्हिडिओत वाढवून सांगितलेलं फारसं काही नाही हो.

बँडबद्दल इथे ऐकायला मिळतं ते जास्त मजेशीर. गिटारवाला नूडल्स गार्डन ग्रोव्हच्या एका प्राथमिक शाळेत सफाईचं काम करायचा, आणि यांचं पहिलं हिट गाणं टीव्हीवर लागलं तेव्हाही त्याच्या हातात झाडू होता. डेक्स्टर शाळेत पहिला येणारा. बँडपायी अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने २०१७ मध्ये पूर्ण केली, रेण्वीय जीवशास्त्रात, विषय एचआयव्ही. माझ्या सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या गाणं लागलं की "डॉक्टरांचं लागलंय" म्हणतात.

शिवाय त्याचा हॉट सॉसचा धंदा आहे, 'ग्रिंगो बँडिटो'. बाटलीवर मेक्सिकन दरोडेखोराच्या वेशात तो स्वतः. गोऱ्या माणसाने असा वेश करून स्वतःचीच टवाळी विकायची! तो पोरगा मोठा होऊन हाच झाला असं मला वाटतं. बाटली आमच्या फ्रीजच्या दारात असते, थालीपिठाबरोबर चालते.

गुरुवार पेठ

तिखट कितपत?

पायोनियर_बुलेवार्ड

ठेच्याची सवय असेल तर काहीच नाही. आंबटच जास्त. नवरा वर लाल तिखट भुरभुरवून खातो.