पाढे आधी पाठ की आधी समज? तिसरीतल्या मुलाच्या आईचा प्रश्न

रानजाई
माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यमात. दिवाळीपर्यंत वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ हवेत असं शाळेने सांगितलंय. पंधरापर्यंत तो सुरात, न अडखळता म्हणतो.

परवा परसात वांग्याची रोपं लावत होतो. सात सऱ्या, एका सरीत आठ रोपं. एकूण किती लागतील, असं विचारलं तर तो बोटं मोजायला लागला. मी म्हटलं, अरे, साती आठी किती? मग डोळे मिटून "सात एके सात"पासून निघाला आणि छप्पनवर थांबला. उत्तर बरोबर. मी विचारलं, आठ सऱ्या करून सात-सात रोपं लावली तर? पुन्हा डोळे मिटले आणि "आठ एके आठ" सुरू झालं.

तेच वाफे, तीच रोपं, फक्त आपण बांधाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिलो. हे त्याला दिसलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

रात्री वही घेऊन बसले. दहापर्यंतच्या पाढ्यांत १०० गुणाकार. उलटसुलट एकच धरले तर उरतात ५५. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे मुलांना सहज येतात, ते काढले की २१. नवाचा पाढा दहाच्या पाढ्यातून एकदा वजा करून मिळतो, चाराचा म्हणजे दुप्पटीची दुप्पट. मग उरतात फक्त दहा: ३×३, ३×६, ३×७, ३×८, ६×६, ६×७, ६×८, ७×७, ७×८, ८×८. या दहांवर वर्षभर प्रेमाने काम केलं, तर वीस-तीसपर्यंतच्या पाठांतराची सक्ती कशाला? माझं ठाम मत आहे की आपण मुलांकडून चाल पाठ करून घेतो, गुणाकार नाही.

दिवेलागण
ताई, मी ३१ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. तुमची तळमळ कळते, पण मत पटत नाही. मुलगा छप्पनवर पोचला, हे विसरू नका. न पोचणारी पोरं मी पाचवीत पाहिली आहेत. ३६४८ भागिले ८ घ्या. आठ चोक बत्तीस, उरले चार. चव्वेचाळिसात आठ पंचे चाळीस, पुन्हा चार. आठ सक अठ्ठेचाळीस. ज्याला हे तोंडावर आहे तो भागाकार शिकतो. ज्याला नाही तो आठ-आठ मिळवत बसतो आणि आपण भागाकाराच्या कोणत्या पायरीवर होतो तेच विसरतो. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं.

आमच्या घरी शुभंकरोती झालं की परवचा असायचा, म्हणजे रोज संध्याकाळी पाढे म्हणायचे. त्या वयात अर्थ कुठे कळायचा? पुढे कळला. लहान मूल बोलायला आधी शिकतं, व्याकरण मागाहून. पाठांतराचं वय निघून गेलं की परत येत नाही.

खडू_फळा
गुरुजी, आदर ठेवून असहमत. मी सध्या दुसरीला शिकवते. पाचवीतलं मूल भागाकारात अडतं त्याचं मूळ पाढ्यांच्याही आधी, पहिलीत असतं. ८ अधिक ७ विचारलं की मूल आठच्या पुढे सात बोटं मोजतं. वर्गात शंभर मण्यांची गणितमाळ आहे, दहा लाल, दहा पांढरे अशी. त्यावर आठ मणी सरकवले की दहाला दोन कमी दिसतात. सातातले दोन तिकडे द्यायचे, पाच उरतात, पंधरा. हे डोळ्यांना दिसलेलं मूल दोन महिन्यांनी माळेशिवाय करतं, आणखी काही दिवसांनी नुसतं "पंधरा" म्हणतं. पाठच झालं ना? पण विसरलं तर परत उभं करायचा रस्ता त्याच्याकडे आहे.

साती आठीचंही तसंच. सात पंचे पस्तीस, सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन. चौकटीच्या कागदावर सात ओळी आठ रकान्यांचा आयत रंगवायचा, पाच रकान्यांनंतर रेघ मारायची आणि मग कागद आडवा फिरवायचा. रानजाईताई, तुमच्या मुलाकडून हे एकदा करून घ्याच.

दुसरं म्हणजे आपले संख्याशब्द. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन. दुसरीत दरवर्षी काही मुलं ५२ लिहितात. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे २९. एकोणनव्वद आहे, पण त्याच्या पुढच्या दशकात एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव आहे. हे ओझं पेलत असतानाच आपण त्यांना पाढे म्हणायला लावतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "सत्तर दोन" असं वाचन आलं तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. वर्गात उभं राहणाऱ्याला त्यामागची अडचण रोज दिसते.

दिवेलागण
बाहत्तर हा शब्द घरात, बाजारात, एसटीत सगळीकडे आहे. तो मुलाला आलाच पाहिजे. अवघड आहे म्हणून जास्त वेळ द्या, बदलू नका. गणितमाळेला माझा विरोध नाही. पण ती एका मुलाच्या हाती येते तेव्हा बाकीचा वर्ग काय करतो? एकाच खोलीत दोन इयत्ता मी वर्षानुवर्षं सांभाळल्या. एकसुरात पाढे म्हणताना मागच्या रांगेतलं, घरी कुणी विचारणारं नसलेलं पोरही सोबत म्हणतं. त्याची आई वही घेऊन बसणारी नसते.

रोकडा_हिशेब
माझं किराणा दुकान आहे. आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे) सगळं घोटून घेतलं. तूरडाळ १४८ रुपये किलो, अडीच किलोचे किती? दोनशे शहाण्णव आणि चौऱ्याहत्तर, तीनशे सत्तर. गिऱ्हाईक मोबाइल काढेपर्यंत माझं सांगून होतं. पाठांतर नसतं तर हे जमलं नसतं. माझं मत गुरुजींच्या बाजूने.

चौकस
@रोकडा_हिशेब, तुम्ही आत्ता जे लिहिलंत त्यात पाठांतर कुठे आहे? १४८ ची अडीचकी कुणी पाठ करत नाही. तुम्ही दुप्पट केली, निम्मे केले, मिळवले. ही समज आहे, आणि ती गल्ल्यावर बसून पक्की झाली.

२०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी बरोबर करत होती, पण शाळेच्या पद्धतीची उदाहरणं दिली की अडत होती. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं बरोबर उलट. म्हणजे पाटीवर येणं आणि व्यवहारात येणं यांच्यात आपण पूल बांधलेला नाही. रानजाईंच्या वांग्याच्या वाफ्यात नेमकं हेच दिसलं.

रोकडा_हिशेब
मान्य, १४८ पाठ नव्हते. पण निम्मे काढायला मला विचार करावा लागला नाही, कारण निमकी पाठ होती. विटा तयार होत्या म्हणून भिंत लवकर चढली.

खडू_फळा
विटा हव्यातच. सराव नको असं इथे कुणी म्हणत नाहीये. माझा आक्षेप क्रमाला आणि घड्याळाला आहे. क्रमाने म्हटलेला पाढा क्रमानेच आठवतो, म्हणून मूल दर वेळी "एके"पासून निघतं. आणि सगळ्यांसमोर उभं करून "पटकन सांग" म्हटलं की येणारंही जातं. दुसरीतली एक मुलगी पाढ्यांच्या तासाला पोट दुखतं म्हणायची. पत्त्यांवर एक-एक गुणाकार लिहून मी तिच्या हातात दिले, येणारे आणि न येणारे असे दोन ढीग तिनेच करायचे. न येणारा ढीग लहान होताना तिला दिसत होता. पोटदुखी थांबली.

रानजाई
कागद फिरवून पाहिला. सात ओळी आठ रकाने रंगवून झाल्यावर त्यालाच फिरवायला सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आठाच्या पाढ्यात साताचा पाढा लपलाय का?" आता कुठे कुठे लपलाय ते शोधत बसलाय, गृहपाठ तसाच आहे.

गुरुजी, घरी कुणी नसलेल्या मुलाचा तुमचा मुद्दा मनाला लागला. माझ्याकडे वेळ आहे म्हणून मला हे सुचतं, हे खरंच. तरी शाळेत जाऊन सांगणार आहे की वीसच्या पाढ्यापेक्षा ते दहा गुणाकार उलटसुलट विचारा.

दिवेलागण
जरूर सांगा. पण दहाच का? बारा आणि पंधराचा पाढा सोडू नका. डझन, पाव तास, वर्षाचे महिने, सगळं त्यावर चालतं. पंधरापर्यंत त्याला येतंच आहे, ते मोडू देऊ नका. रोज संध्याकाळी दहा मिनिटं म्हणून घ्या. आणि खडू_फळा ताई, पस्तीस मुलांच्या वर्गात ते पत्त्यांचे ढीग कसे सांभाळता, ते सविस्तर लिहा. माझी सून यंदा शिक्षिका म्हणून लागली आहे, तिला वाचायला देतो.