मोतीबिंदूला छातीचा एक्स-रे कशाला?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'ऑपरेशनआधीच्या तपासण्या म्हणजे लॅबचं कमिशन आणि भूलतज्ज्ञाचा फिटनेसचा दाखला म्हणजे नुसती सही.' दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. माझ्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. भूलतज्ज्ञ बाईंनी तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला सांगितली आणि विचारलं, "जिना चढताना दम लागतो?" सासरे म्हणाले, "पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकतो जरा." बाईंनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिल्या. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर हृदयाची झडप अरुंद झालेली. हर्निया राहिला बाजूला, आधी झडपेचं बघावं लागलं. त्या प्रश्नाला एक रुपया लागला नव्हता. ही नुसती सही?

सिडकोवाला: ते वाक्य माझंच, आणि मागे घेत नाही. आईचा मोतीबिंदू. डोळ्यात थेंब टाकून वीस मिनिटांचं काम. त्यासाठी ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. आठवड्यापूर्वीचे रिपोर्ट दाखवले तर 'आमच्याच लॅबचे लागतील'. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोतीबिंदूच्या १८,००० हून जास्त पेशंटचा अभ्यास आला. सरसकट तपासण्या केल्या काय, नाही केल्या काय, गुंतागुंतीत फरक नाही. तुमच्या बाईंनी प्रश्न तरी विचारले. आमच्या हातात थेट चिठ्ठी.

नाशिकरोडकर: तपासण्यांचं सोडा, उपाशी ठेवण्याचं बोला! बाबांना मधुमेह. रात्री बारापासून पाणी बंद, नंबर लागला दुपारी दोनला. बनियन घामाने चिंब, हात थरथरतायत, शुगर ५४. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हलका नाश्ता सहा तास आधीपर्यंत. कुठल्याही भूलतज्ज्ञाला विचारा.

ओटी सिस्टर: 'पाणी चालेल' म्हटलं की लोक दुधाचा चहा पाजतात. दिंडोरी-पेठहून पहाटेच्या एसटीने आलेल्या एका आजींना नातवाने चहा-बिस्कीट दिलं, बोलला नाही कुणाला. भूल देताना उलटी झाली, फुप्फुसात गेली, चार दिवस आयसीयू. तेव्हापासून मी बारानंतर सगळंच बंद सांगते.

नाशिकरोडकर: म्हणजे समजावून सांगायचा कंटाळा तुम्हाला आणि शिक्षा पेशंटला?

ओटी सिस्टर: कंटाळा हा शब्द मागे घ्या. रात्रपाळीत अठरा खाटा आणि मी एकटी असते.

नाशिकरोडकर: घेतला. पण मधुमेहाच्या पेशंटचा नंबर सकाळी पहिला लावायला काय जातं?

ओटी सिस्टर: लावायलाच हवा. तुमच्या बाबांच्या बाबतीत चुकलंच.

गोदाकाठ: आणि गोळ्या? मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवायची असते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशीच. हे सगळं भूलतज्ज्ञाच्या तपासणीतच कळतं ना?

सिडकोवाला: बरं, पूर्ण भूल असेल तर तुमच्या सासऱ्यांसारखं नीट तपासायला हवं, इतकं मानतो. मोतीबिंदूबद्दल माझं तेच मत. आणि 'आमच्याच लॅबचे' का, याचं उत्तर अजून एकानेही दिलेलं नाही.