गेम रिलीजच्या आधीचे महिने आतून नेमके कसे असतात?

गोदाकाठ:
माझा धाकटा भाऊ पुण्यात एका गेम स्टुडिओत क्यूएला, म्हणजे गेम तपासायच्या कामाला लागलाय. आई-बाबांना वाटतं पोरगा गेम खेळायचा पगार घेतो, आणि इकडे तो रात्री उशिरापर्यंत ऑफिसात, रविवारी फोन उचलत नाही, विचारलं तर एवढंच म्हणतो की नवीन बिल्ड आलंय, म्हणजे तपासायला गेमची नवी आवृत्ती. मी नुसता प्लेअर, आतलं काही माहीत नाही. सायबरपंक २०७७ चंच बघा ना, २०१२ मध्ये घोषणा, २०२० मध्ये तीनदा तारीख पुढे, आणि १० डिसेंबरला आला तेव्हा सोनीच्या पीएस४ कन्सोलवर अशी अवस्था की सोनीने आठवडाभरात स्टोअरवरून काढून टाकला. एवढा पैसा, एवढी माणसं, एवढी वर्षं, तरी शेवटी सगळं गळ्याशी का येतं? आत काम करणाऱ्यांनी सांगा प्लीज.

बिल्डतुटला:
गेमप्ले प्रोग्रामर आहे. मुख्य त्रास हा की गेम बराच काळ गेम नसतोच. ॲनिमेशन एकीकडे बनतंय, लेव्हल दुसरीकडे, आवाज तिसरीकडे, आणि खेळायला मजा येते की नाही हे सगळं एकत्र आल्यावरच कळतं, तोवर बजेट बरंच संपलेलं असतं.

लिझ इंग्लंड या डिझायनरने २०१४ मध्ये गेममधल्या दारावर लिहिलं होतं, नवीन पोरं आली की मी तेच वाचायला देतो. साधं दार ठेवायचं म्हटलं तर ते उघडतं की नुसतं भिंतीवरचं चित्र आहे, प्लेअरला ते कसं कळणार, कुलूप असेल तर किल्ली कुठे, शत्रू त्यातून येऊ शकतो का, दोघं खेळत असतील आणि एक आत गेल्यावर दार लागलं तर दुसऱ्याने काय करायचं. मग ॲनिमेटरला हात बरोबर कडीवर बसवायचा, साउंडवाल्याला आवाज, एआयवाल्याला शत्रूचे रस्ते परत तपासायचे. एका दारासाठी अर्धा स्टुडिओ मीटिंगमध्ये.

त्यात शोसाठी डेमो. हेलो २ या एक्सबॉक्सवरच्या गेमचा ई३ या गेम प्रदर्शनातला २००३ चा डेमो लोकांनी डोक्यावर घेतला, पण त्यातलं लायटिंग पूर्ण गेममध्ये एक्सबॉक्सला झेपणारं नव्हतं, टाकून द्यावं लागलं, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये गेम येईपर्यंत टीमचे भयंकर हाल झाले. गोष्ट मधेच तुटल्यासारखी संपते ती त्यामुळेच. डेमो म्हणजे लग्नाचा मांडव, राहायचं घर वेगळं बांधावंच लागतं.

सायबरपंकबद्दल तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी २०२१ मध्ये व्हिडिओ काढून सांगितलं की आधी पीसीवर भारी दिसावा हे ठरवलं आणि मग तो जुन्या कन्सोलवर बसवायला गेले. शहर उघडं, गाडी सुसाट, पुढचे रस्ते, माणसं, टेक्स्चर तेवढ्याच वेगाने डिस्कवरून मेमरीत यायला हवं, त्याला आम्ही स्ट्रीमिंग म्हणतो, आणि पीएस४ मध्ये फिरती हार्ड डिस्क, तिला तो वेग झेपत नाही. हे पायातलं काम, शेवटच्या दोन महिन्यांत जास्त माणसं लावून उरकत नाही.

रिप्रोवाली:
दादा, मी बरीच वर्षं टेस्टिंगमध्ये आहे म्हणून भावाच्या वतीने सांगते. खेळायचं म्हणजे आम्ही एकाच लेव्हलच्या प्रत्येक भिंतीला कॅरेक्टर घासत फिरतो, कुठून बाहेर पडतोय का बघायला. सेव्ह होताना कंट्रोलर उपटायचा, भाषा बदलायची, तोच कटसीन परत परत स्किप करायचा. बग सापडला की स्टेप्स लिहायच्या, दहातून किती वेळा येतो ते लिहायचं, व्हिडिओ जोडायचा, आणि डेव्हलपरच्या मशीनवर नाही आला तर कान्ट रिप्रो, म्हणजे परत घडवता येत नाही, म्हणून बंद, की आपण परत पहिल्यापासून.

पहिला क्रॅश बँडिकूट १९९६ चा, त्यात कधीतरी मेमरी कार्डवरचा डेटा खराब व्हायचा. प्रोग्रामर डेव्ह बॅगेटने कोडचे तुकडे एकेक काढत शोधलं तेव्हा कळलं की टायमर जोरात चालू असताना कंट्रोलर हलवला की कार्डच्या सिग्नलमध्ये गडबड होते, म्हणजे दोष कोडमध्ये नव्हताच, प्लेस्टेशनच्या हार्डवेअरमध्ये होता. असले बग माणसाची झोप खातात.

आणि "टेस्टरला दिसलं नाही का" हे वाक्य फार लागतं. दिसलेलं असतं हो. तारीख जवळ आली की कुठला बग दुरुस्त करायचा आणि कुठला तसाच सोडायचा हे प्रोड्यूसर ठरवतो, कारण एक फिक्स टाकला की दुसरीकडे काहीतरी फुटतं आणि आम्हाला सगळं परत तपासावं लागतं.

माँट्रियलकर:
बिल्डतुटला, दाराचं सगळं पटलं, पण क्रंच, म्हणजे रिलीजआधीचं रात्रंदिवस राबणं, हा पावसाळा असल्यासारखं बोलू नका. तारीख कुणीतरी माणूसच ठरवतो. नोव्हेंबर २००४ मध्ये एरिन हॉफमन यांनी ईए स्पाउस (ईए म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी) या नावाने, तेव्हा ओळख लपवून, होणाऱ्या नवऱ्याच्या कामाच्या तासांबद्दल लिहिलं, आठवड्याचे सातही दिवस सकाळी ९ ते रात्री १०, ओव्हरटाइम शून्य. त्या सुमारास ओव्हरटाइमचे दावे लागले आणि कंपनीला आर्टिस्टसाठी १.५६ कोटी डॉलर आणि प्रोग्रामर लोकांसाठी १.४९ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. उलट ॲनिमल क्रॉसिंगचा गेम २०१९ वरून मार्च २०२० वर गेला तेव्हा निन्टेन्डो अमेरिकेच्या प्रमुखांनी उघड सांगितलं की आमच्या लोकांना आयुष्य असलं पाहिजे. गेमचं काही बिघडलं नाही, तुफान खपला. मला राग येतो तो एवढ्याचा की पोरं हौसेने येतात आणि त्या हौसेवरच त्यांच्याकडून फुकट तास काढले जातात.

रंकाळा:
मोठ्या स्टुडिओंचं झालं, आपल्याकडे त्याआधी पैसेच नसतात. राजी हा गेम बघा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा. २०१७ ची किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायची मोहीम फसली, तरी टीम टिकली, ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या गेमच्या नामांकनात गेला. त्या मधल्या तीन वर्षांबद्दल लोक कमी बोलतात.

आमचा गेम तर मराठीत आहे. युनिटी या गेम इंजिनच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये, म्हणजे मजकूर दाखवायच्या साधनात, "किल्ला" लिहिलं तर क च्या आधी दिसायची वेलांटी क च्या नंतर जाऊन बसली आणि ल्ल चा पाय मोडला, कारण ते अक्षरं नुसती ओळीने मांडतं, जोडाक्षर कसं बनवायचं हे त्याला कळत नाही. बटणांवरची नावं शेवटी चित्र म्हणून टाकली, आणि एक शब्द बदलला की परत चित्र काढा. २०२३ मध्ये गोडो ४ हे दुसरं इंजिन आलं, त्यात हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी आहे, मजकूर नीट जुळतो, म्हणून अख्खा प्रोजेक्ट तिकडे हलवतोय. सेव्ह सिस्टम परत लिहायची, इनपुट परत जोडायचा. प्लेअरला यातलं काहीच दिसणार नाही, त्याला फक्त नीट मराठी दिसेल, आणि मला तेवढंच हवंय.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रिप्रोवाली ताई, भावाचा कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय, त्याने काय विचारून घ्यावं?

रिप्रोवाली:
रविवारच्या बदल्यात सुट्टी की पैसे, ते लेखी घ्यायला सांगा, तोंडी नको. आणि क्रेडिट्समध्ये त्याचं स्वतःचं नाव येणार की फक्त टीमचं, आणि रिलीजच्या आधी सोडलं तरी येणार का, हे विचारू दे. पुढच्या नोकरीत पहिल्यांदा तेच बघतात.