डिस्चार्ज बुकात मुलीचं नाव 'छकुली' लागलंय, पीएम स्कॉलरशिप मिळेल का?

गिरणाकाठची आई
नमस्कार. आम्ही भडगाव तालुक्यातले. आमचे हे तोफखान्यात होते, १७ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून रिटायर झाले. आता सुरतला बँकेत गार्ड आहेत. दोन महिन्यांतून एकदा घरी येतात, म्हणून कागदपत्रांचं सगळं मीच बघते.

मोठी मुलगी बारावीला ७१ टक्क्यांनी पास झाली. यंदा धुळ्याला बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे फीच्या पहिल्या हप्त्यातच गेले. होस्टेल आणि मेसचे अजून बाकी आहेत. माजी सैनिकांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते असं कळलं म्हणून यांची काळी पेटी उघडून डिस्चार्ज बुक (रिटायर होताना लष्कराकडून मिळालेलं नोंदींचं पुस्तक) काढलं. मुलांच्या पानावर मुलीचं नाव 'छकुली'! जन्मतारीख बरोबर आहे, पण शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव वेगळं. ती झाली तेव्हा हे सिक्कीमला होते. बारसं व्हायच्या आधीच यांनी युनिटमध्ये कळवलं. कारकुनाने नाव विचारलं, तर घरात जे म्हणत होतो तेच सांगून टाकलं.

सायबर कॅफेवाला म्हणतो, फॉर्म रद्दच होणार, पैसे वाया घालवू नका. खरं आहे का? रात्री झोप लागत नाही.

पारोळ्याचे नाना (निवृत्त सुभेदार)
ताई, घाबरू नका. आपल्या अहिराणीत सांगू? व्हई जाई काम. पण नाव दुरुस्त केल्याशिवाय फॉर्म भरू नका. पडताळणी डिस्चार्ज बुक आणि पीपीओवरूनच (पेन्शनच्या आदेशावरून) होते, आणि तिथे छकुली कोण, हे कोणी ऐकून घेणार नाही.

नाव दुरुस्त होतं ते रेकॉर्ड ऑफिसात, आणि तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोडला आहे, हे आपलं नशीब. माझ्या शेजारच्याचं लखनौला, त्याला किती पत्रं लिहावी लागली! मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि 'छकुली आणि ही मुलगी एकच' असं तुमच्या साहेबांचं, म्हणजे यजमानांचं, प्रतिज्ञापत्र तयार करा. अर्जावर सही साहेबांचीच पाहिजे, तुमची चालणार नाही, म्हणून त्यांना दोन दिवसांची रजा काढायला सांगा. फाइल जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, परस्पर नको. तिथून गेलेल्या कागदाला आवक-जावक नंबर असतो, पुढे विचारायला तोंड राहतं.

आणि हे लवकर करा. ही शिष्यवृत्ती पहिल्या वर्षालाच मागावी लागते, दुसऱ्या वर्षी नव्याने अर्ज घेत नाहीत. बारावीला ६० टक्के लागतात, ते तुमच्या पोरीला आहेतच. पोर्टल वर्षभर उघडं नसतं, म्हणून कॉलेजचं बोनाफाईड आणि बँकेचा दाखला आत्ताच करून ठेवा. खातं मुलीच्या नावाचं, आधार जोडलेलं.

मी पेन्शनच्या कामासाठी जातो तेव्हा दर वेळी दोन-तीन तरी असे भेटतात. कुणाच्या मुलाचं नावच लागलेलं नाही, कुणाची तारीख चुकलेली. बापाने बर्फात ड्यूटी केली आणि एका शब्दापायी पोरीचा हक्क जातो, हे मला बघवत नाही. वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, पोरं दहावीत जायच्या आधी ते पान एकदा उघडून बघा.

अमळनेरची नर्सिंगवाली
काकू, मला ही शिष्यवृत्ती मिळते. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, मुलांना २,५००. पण दरमहा येत नाहीत, वर्षाचे ३६,००० एकदम खात्यात जमा होतात. त्यामुळे मेसवाल्यांना आधीच सांगून ठेवा. पुढच्या वर्षी चालू राहायला ५० टक्के लागतात आणि विषय राहू द्यायचा नाही. माझ्या रूममेटचा एक विषय राहिला, तिचे पैसे थांबले. खूप रडली बिचारी. मुलीला हे आधीच सांगा.

एक वीरपत्नी, चाळीसगाव
ताई, धाकटं कोणी शाळेत असेल तर त्याचाही अर्ज करा. हवालदार आणि त्याखालच्यांच्या दोन मुलांना रक्षामंत्र्यांच्या निधीतून शैक्षणिक अनुदान असतं, पहिलीपासून पदवीपर्यंत. आधी महिन्याला १,००० होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० झालेत. माझ्यासारखीला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणालाही मिळतं. हे गेल्यावर मी एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून जी भेटेल तिला सांगते.

गिरणाकाठची आई
सगळ्यांचे खूप आभार. हे शनिवारी आले, सोमवारी सकाळच्या एसटीने जळगाव गाठलं. कार्यालयातल्या कारकून दादांनी पान बघितलं आणि म्हणाले, या महिन्यातली ही चौथी. प्रतिज्ञापत्र करताना यांचा हात थरथरत होता. म्हणत होते, मीच सांगितलं होतं ते नाव. फाइल गेली, जावक नंबर पुस्तकाच्या पहिल्या पानाला टाचून ठेवलाय. कॉलेजचं बोनाफाईडही आणलं.

नाना, तुमचं ऐकून मुलाची ओळ पण तपासली. त्याचं सगळं बरोबर निघालं. त्याच्या अनुदानाचा अर्ज उद्या भरते. तो यंदा नववीला आहे. मार्कशीट आठवीचं जोडायचं का?

एक वीरपत्नी, चाळीसगाव
हो, आठवीचंच. जी इयत्ता पास झाला तिचंच अनुदान मिळतं. मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घ्यायला विसरू नका.