शनिवारचं पोस्टर

माई ए-३०२: 'श्यामची आई'चं पोस्टर कोणी केलं? फोटो सुलोचनाबाईंचा टाकला आहे. ती भूमिका वनमालाबाईंची होती.

सांस्कृतिक समिती: माई, शोधलं तर हाच पहिला आला 🙏

नाना बी-१०४: मागच्या वर्षीही असंच. तेव्हा मी बोललो तर मीच वाईट झालो.

सी-२०१: टाकी धुण्याचं काय झालं?

बंटी: आई ती आई, फोटो कोणाचाही असो 😄

माई ए-३०२: उद्या तुझ्या लग्नपत्रिकेत दुसऱ्याच मुलाचं नाव छापू मग. चालेल नं?

नाना बी-१०४: पण ती एकाच पिच्चरपुरती होती नं? मग गायबच झाली. बिचारी.

माई ए-३०२: गायब काहून होईल? १९४१ चा सोहराब मोदींचा 'सिकंदर' आठवा. पृथ्वीराज कपूर सिकंदर आणि ह्या रुखसाना. खरं नाव सुशीला पवार. जन्म उज्जैनचा, वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. त्या काळात बी. ए. झालेली मुलगी सिनेमात जाते म्हटल्यावर घरात काय झालं असेल? तरी गेल्या. मग १९५३ मध्ये अत्र्यांनी श्यामची आई दिली, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. तेही पहिल्याच वर्षीचं.

सी-२०१: टाकी??

सेक्रेटरी: पाण्याचे विषय कृपया मेंटेनन्स ग्रुपवर घ्यावेत.

सी-२०१: त्या ग्रुपमधून मला काढून टाकलं आहे.

नाना बी-१०४: पण एवढं पदक मिळाल्यावर कोणी सोडते का? काहीतरी झालं असेल.

माई ए-३०२: झालं काही नाही. मन उडालं, सोडलं. मथुरा-वृंदावनकडे राहिल्या, शास्त्रीय संगीत-नृत्यासाठी काम केलं. २००७ मध्ये ग्वाल्हेरला वारल्या. यात बिचारी कोण?

ताई ए-१०१: सगळ्यांना सोडणं जमत नाही नं माई. काही लोक रिटायर होऊनही रोज ऑफिसात चहा प्यायला जाऊन राहिले 😂

नाना बी-१०४: वैयक्तिक बोलू नये. आधी गाडी नीट लावा म्हणावं.

ताई ए-१०१: नाना, मी तुमचं नाव घेतलं का?

सेक्रेटरी: सर्वांनी संयम राखावा 🙏

सांस्कृतिक समिती: माई, नवीन पोस्टर टाकलं. आता वनमालाबाईच आहेत.

माई ए-३०२: हा 'सिकंदर'मधला आहे बाप्पा! एवढे दागिने घालून ती कोकणातल्या घरात सारवण करणार का?

बंटी: शनिवारी तर्री-पोहे पक्के नं?

सी-२०१: आणि ते कोणत्या टाकीच्या पाण्यात भिजवणार?