पॅराग्लायडिंगचा हलका हार्नेस घेतला, पण बसायला फळीच नाही!

सोलापूरकर: कामशेतला प्राथमिक कोर्स केला, आता दोन-सव्वादोन किलोचा हार्नेस (उडताना बसायची पट्ट्यांची खुर्ची) घेतलाय. आमच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये तुळईला टांगून बसलो, तर पार मागं कलंडलो की वो! मांड्यांचे पट्टे सुटे, खाली फळी नाही. छातीचा पट्टा गच्च आवळला की बरं वाटतं. तसाच ठेवू?

वाऱ्यावरचा: नका ठेवू. आवळलं की स्थिर वाटतं खरं, पण विंग (डोक्यावरचा कापडी पंख) कोसळून फिरली तर रायझरला, म्हणजे विंगच्या दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांना, पीळ पडायचा धोका वाढतो. दोन्ही कॅराबिनरमधलं, म्हणजे रायझर अडकवायच्या कड्यांमधलं, अंतर टेपनं मोजा. साधारण 42 ते 46 सेंमी असतं, पण तुमच्या विंगच्या मॅन्युअलातला आकडाच खरा. कलंडणं बाजूच्या पट्ट्यांनी सुधारा. बूट, हेल्मेट, रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट), सगळं चढवून अर्धा तास लटका. डोळे मिटून रिझर्व्हच्या हँडलला हात जातो का तेही बघा.

डोंगरवेडी: माझं एकच. मांड्यांचे पट्टे सगळ्यात आधी, हेल्मेटच्याही आधी. पाणी प्यायला म्हणून एकदा मी ते सोडले आणि तशीच उडायला उभी राहिले. मागच्या पोरानं ओरडून थांबवलं. अजून पोटात गोळा येतो. आणि हो, सोलापूरच्या उन्हात हार्नेस गाडीच्या डिकीत ठेवू नका.

सोलापूरकर: मोजलं, 37 निघालं! मॅन्युअल बघून छातीचा पट्टा सैल करून 44 केलं, बाजूचे पट्टे ओढले, आता नीट बसतोय. आई मात्र दारातनं विचारतीय, तुळईला काय लटकलायस म्हणून.