इरिमाजिरींना विसरू नका

अभियंता मोठ्या खुर्चीत बसला की त्याचं तांत्रिक डोकं वाया जातं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जपानी अभियंते शोइचिरो इरिमाजिरींचंच बघा. १९६३ साली होंडात लागले आणि तिशीच्या आत रेसिंगची इंजिनं करू लागले. २५० सीसीच्या मोटरसायकलला सहा सिलिंडर, म्हणजे एकेक सिलिंडर जेमतेम ४१ सीसीचा! त्याच गाडीवर रेसर माइक हेलवूड १९६६ साली जगज्जेता झाला. पुढे होंडाची सीबीएक्स मोटरसायकल, मग होंडाच्या अमेरिकेतल्या उत्पादनाची धुरा, आणि नंतर सेगा ही व्हिडिओ गेमची कंपनी.

मला सगळ्यात भिडतो तो सेगातला प्रसंग. चिप बनवणारी एनव्हिडिया तेव्हा अगदी छोटी होती. सेगासाठी बनवायच्या चिपची मूळ रचनाच चुकली होती. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ते सरळ कबूल केलं आणि वर विनंती केली, की करारातून मोकळं करा, पण पैसे मात्र द्या, नाहीतर कंपनी बुडेल. इरिमाजिरींनी सेगाला एनव्हिडियात ५० लाख डॉलर घालायला लावले. त्या पैशांवर एनव्हिडियाने तग धरला आणि १९९७ मध्ये तिची रिवा १२८ ही ग्राफिक्स चिप बाजारात आली. निव्वळ हिशेब बघणाऱ्याने हे केलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. ड्रीमकास्ट या सेगाच्या गेम कन्सोलच्या अपयशामुळे त्यांना २००० साली सेगाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, याचं मात्र वाईट वाटतं.